आगोट

फिल्म धुऊन तारेला चिमट्याने टांगायचो,
ती सवय अजून बोटांत आहे.
ओळीने माणसांची हाडं, टपटप गळणारी,
खाली बंदराच्या वाटेवर बोंबील टांगतात तशी.
आता डिजिटल आहे. काही गळत नाही.
पडदा उजळतो, आणि मी उगाच
हात पँटला पुसतो.

उर्वी रघुनाथ चोगले, मुक्काम हर्णै.
वय एक वर्ष आठ महिने. डावं मनगट.

‘हलू देऊ नका,’ म्हटलं मी,
पण ती हलणाऱ्यातली नव्हतीच.
आईच्या कडेवरून पंख्याकडे बघत राहिली,
कपाळाला घाम, तोंडात दोनच दात,
आणि पाय असे
की मधे कुणी घागर ठेवून विसरलं असावं.

हाडाचं टोक जिथे रेघ मारल्यासारखं हवं
तिथे दशा सुटलेल्या,
उंदराने जाळ्याची कड कुरतडावी तशा.
डॉक्टर नवीन, लातूरकडच्या.
त्यांनी कागदावर इंग्रजी नाव लिहिलं,
माझ्या तोंडात जुनं आलं: मुडदूस.
आम्ही शाळेत एकमेकांना चिडवायचो त्या शब्दाने.
वाटलं होतं, देवीच्या रोगाबरोबर तोही गेला.

‘उन्हात नेता का हिला?’
दर्शना चोगले हसलीच.
कोपरापर्यंत भाजलेले हात, नखांत जवळा.
तिच्या खळ्यावर ऊन कुणाकुणाला मिळतं
ते मी येता-जाता बघतो:
जवळ्याला, तासातासाने खराट्याने उलटून,
बोंबलाला, जबड्यात जबडा अडकवून,
चिंचेला, दोरखंडाला, पालथ्या होडीच्या बुडाला,
शेजारणीच्या गादीलासुद्धा.
पोरगी आत. पत्र्याची खोली, दार ओढलेलं,
थोरल्या बहिणीच्या मांडीवर
मोबाइलच्या उजेडात.

‘काळी पडंल ना, मॅडम.
माझं बघा काय झालंय ते.
हिला तरी कोणी नाव ठेवू नये.’

डॉक्टरांचं पेन थांबलं.
त्यांचाही रंग दर्शनाचाच.
काय बोलल्या ते मी ऐकलं नाही,
पुढच्या पेशंटची छाती घ्यायची होती.
दार लावताना एवढंच कानावर आलं:
जन्म आषाढातला. पहिले चार महिने ढगाखाली.
मग थंडी. मग नजर.
मग ही भीती.

औषध खिडकीवर मिळालं. इवलीशी बाटली.
किती, केव्हा, ते फार्मासिस्टने दोनदा सांगितलं,
जास्त झालं तर तेही वाईट, हेही.
आणि रोज सकाळी खळ्यावर, आईजवळ, उघड्या अंगाने.
दर्शनाला समजेना. मग मीच म्हटलं,
‘अगं, आगोट भरतेस ना?
लाकडं, सुकट, मीठ, भरून ठेवतेस ना जूनच्या आत?
हिच्या हाडांची आगोट रिकामी आहे.’
ती माझ्याकडे बघत राहिली.
एकतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत नोकरी केलेला माणूस
उन्हाबद्दल बोलत होता.
माझ्याही खिशात त्याच औषधाच्या गोळ्या आहेत,
हे मी सांगितलं नाही.
पुण्याला अकराव्या मजल्यावर माझा नातू
कुठल्या वेळी, कुठल्या उन्हात बसतो,
हेही मी कधी विचारलेलं नाही.

मे संपता संपता ती परत आली.
पिशवीत माझ्यासाठी सुकटाची पुडी.
पाय अजून वाकडेच. त्यांना वेळ लागेल.
या खेपेला मात्र उर्वी हलली, दोनदा,
दोन फोटो फुकट गेले.
तिसऱ्यात दिसली:
सुटलेल्या दशांच्या पुढे एक बारीक पांढरी रेघ,
ओहोटीला पाणी मागे सरताना
वाळूवर फेसाची ठेवतं तेवढी.

मी दर्शनाला बोलावून पडदा दाखवला.
ती पडद्याकडे फार वेळ बघत नव्हती.
पोरीची बाही वर सारून
दंड अंगठ्याने दाबून पाहत होती,
मासळी वाळली का, पाहतात तशी.
‘काळी झाली,’ म्हणाली,
आणि बाही तशीच वर राहू दिली.